चाळीस सेकंदांची कोरी जागा

६ ऑक्टोबर, सोमवार

लेक काल फोनवर म्हणाली, बाबा, काहीतरी लिहीत जा. मी म्हणालो, सत्तावीस वर्षे तेच करतो आहे. ती म्हणाली, दुसऱ्यांचं नाही, स्वतःचं.

तिचा शब्द मोडायचा नाही म्हणून आज वही शोधली. स्वयंपाकघरातल्या खणात ही डायरी सापडली. विमा एजंट दर जानेवारीत आणून देतो, त्यातली. कव्हरवर हसणारे चौकोनी कुटुंब आहे. माझ्या बायकोने ती रद्दीत न टाकता जपून ठेवली होती, पण आत काही लिहिलेले नाही. फक्त पहिल्या पानावरच्या कॅलेंडरात एक जूनला पेन्सिलीने गोल केला आहे. एक जूनला आमच्याकडे कुणाचा वाढदिवस नाही. बघितले तर रविवार होता. गॅसवाल्याचे काहीतरी असेल.

ही जाऊन आज अठ्ठेचाळीस दिवस झाले.

हॉस्पिटलातून आणलेली तिची पिशवी कपाटावर आहे. काढायची आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कामाबद्दल लिहितो, ते सोपे आहे. मी कायदेमंडळात लघुलेखक आहे. बोलले जाईल ते लघुलिपीत टिपायचे आणि त्याच दिवशी सरळ लिहून द्यायचे. दहा मिनिटांची पाळी, मग दुसरा बसतो. आपले मत नसते. असले तर दाराबाहेर चपलांशेजारी ठेवायचे, असे आमचे मुख्य म्हणतात.

सध्या आरोग्य विधेयकाच्या समितीवर नेमणूक आहे. सरकार म्हणते, प्रत्येकाच्या उपचाराचा खर्च सरकारी निधीतून करू. भांडण कलम चौदावर आहे. एका कुटुंबावर वर्षाला अमुक इतकाच खर्च, अशी मर्यादा घालायची की नाही. सात सदस्य आहेत. महिनाभर लोकांचे म्हणणे ऐकायचे, मग अठ्ठावीस नोव्हेंबरला मतदान. छापील प्रतिवेदनात जे येईल तेवढेच पुरावा म्हणून धरतात.

मर्यादेच्या बाजूने बोलणारे सदस्य पूर्वी बँकेत होते. आम्ही त्यांना बँकवालेच म्हणतो. टिपायला उत्तम माणूस. वाक्य पुरे करतात, आकडे दोनदा सांगतात. आज म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "जो अंथरुणालाच खिळलाय त्याला हे कसं सांगायचं?" हशा झाला. मी कंसात लिहिले, हशा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसची लिफ्ट बंद आहे. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीच्या मधोमध कुणी अंगठा टेकवून ठेवल्यासारखे वाटले. फोन बघत उभा राहिलो, दोन मिनिटांत गेले. पायऱ्या उंच आहेत.

गेल्या डिसेंबरात माझ्या हृदयात स्टेंट घातला, त्यानंतर ऑक्टोबरात तपासायला या म्हणून सांगितले होते. पण आमच्या पॉलिसीची यंदाची मर्यादा हिच्या आजारात संपली आहे. नवे वर्ष लागले की जाऊ. घाई नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. जेवलात का, नीट झोपता का, डॉक्टरांना दाखवलंत का. तिन्हींना हो म्हणालो. पहिले एकच खरे होते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज एका तज्ज्ञाने आकडे मांडले. मग बँकवाले बोलले. त्यांचे म्हणणे इथे उतरवतो, कारण ते मला बरोबर वाटले आणि तसे ऑफिसात म्हणता येत नाही. "मर्यादा काढली तर सहाव्या वर्षी निधी आटेल. मग सगळ्यात आधी कोणाला परत पाठवतील? ज्याची ओळख नाही त्याला. मी दुष्ट नाही, मला फक्त बेरीज येते." पुढे असेही म्हणाले की फुकट मिळाले की माणूस शिंक आली तरी रांगेत उभा राहतो.

हे दुसरे ऐकताना हिची आठवण झाली. ही कधी डॉक्टरकडे जायलाच तयार नसे. मात्र दोन जूनला, सोमवारी, सकाळी आठला आंघोळ करून, केस विंचरून, पर्स घेऊन दारात उभी. म्हणाली, चला, आज डॉक्टरकडे जाऊ. मी विचारले, काय झालं? म्हणाली, जरा पोट दुखतंय. मला तिचा उत्साह बघून बरेच वाटले. डॉक्टरांनी विचारले, कधीपासून. ही म्हणाली, थोडे दिवस. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर करून तिच्याकडे बराच वेळ पाहिले. तरुण होते, नवखे असतील.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

समिती दौऱ्यावर. तीन तासांचा प्रवास, नगरपालिकेचे सभागृह. चारच सदस्य आले होते: अध्यक्षबाई, बँकवाले, डॉक्टर असलेले एक सदस्य आणि सगळ्यात तरुण तो एक. आमच्याकडून मी आणि टाचणी. टाचणी म्हणजे माझी धाकटी सहकारी. अंगाने बारीक आहे आणि ओढणीला सतत दोन-तीन टाचण्या खोचलेल्या असतात, त्यावरून नाव पडले. मला काका म्हणते.

अकरा साक्षी झाल्या. एक बाई हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करणारी होती. सोळा वर्षे चादरी धुते. बोलण्याआधी तिने समोरचा माईक हाताने बाजूला सारला. म्हणाली, मधे काही नको. पाळी माझी होती.

परतताना गाडीत कुणी फारसे बोलले नाही. का ते कळले नाही. एरवी बँकवाले विनोद सांगतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार

हे लिहायला नको वाटते, म्हणून लिहितो.

आज कालची टिपणे उतरवताना धुलाईघरातल्या बाईच्या साक्षीपाशी आलो. "नवऱ्याच्या पायाच्या ऑपरेशनात आमच्या विम्याची त्या वर्षाची मर्यादा संपली होती. मला गाठ लागली तेव्हा", इथपर्यंत आहे. पुढे पानाचा अर्धा भाग कोरा. मग अध्यक्षबाईंचा प्रश्न. ध्वनिमुद्रण ऐकले. माईक तिने सारलेला, त्यामुळे पंख्याचा आवाज तेवढा आहे. घड्याळ लावून मोजले. चाळीस सेकंद.

पेन्सिलीचे टोक मोडले नव्हते. झोप आली नव्हती. हात टेबलावरच होता. तिचे तोंड हलताना मला दिसत होते हे आठवते. शब्द एकही आठवत नाही. सत्तावीस वर्षांत असे झालेले नाही. लेक झाली त्या दिवशीही नाही.

चष्म्याचा नंबर बदलला असेल काय?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मुख्यांना सांगितले. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, एवढंच ना, कंसात लिहा: ऐकू आले नाही. माईक नव्हता, कोण विचारतो? मी म्हणालो, ऐकू आले होते. ते म्हणाले, कुणाला? मी म्हणालो, सगळ्यांना. मलाही. मी लिहिले नाही.

मुख्यांनी समजावले. निवृत्तीला दोन वर्षे राहिली, सेवापुस्तक स्वच्छ, घरात नुकतेच असे झालेले. कशाला हात दाखवून अवलक्षण? रीत आहे, सगळेच लिहितात. खरे आहे, लिहितात. मीही लिहिले आहे, पण खरेच ऐकू आले नव्हते तेव्हा.

कुटुंबाच्या मर्यादेविषयी स्वतःच्या अनुभवाने बोललेली अकरा जणांत ती एकटी होती. तिचे म्हणणे छापले गेले नाही तर मतदानाच्या दिवशी ती बोललीच नव्हती असे होईल. ते होऊ द्यायचे नाही.

टाचणीला विचारले, तू ऐकलेस ना. म्हणाली, "काका, मी माझी आधीची पाळी उतरवत होते. शेवटचं थोडं ऐकलं. पण मी सांगून चालणार नाही, नियम तुम्हालाच माहीत."

मलाच माहीत आहे. नियम एकोणीस. प्रतिवेदकाच्या, म्हणजे लघुलेखकाच्या, चुकीने काही गळले तर साक्षीदाराने ते पुन्हा सांगावे आणि हजर सदस्यांपैकी तिघांनी 'हेच शब्द होते' अशी सही करावी. शिवाय प्रतिवेदकाने चुकीचा कबुलीजबाब जोडावा. माझ्या काळात हा नियम कुणी वापरलेला नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

धुलाईघरातल्या बाईंना त्यांच्या साक्षीचा मसुदा टपालाने पाठवला होता. उत्तर नाही. फोन लागत नाही. शनिवारी स्वतः जातो.

आज जिन्यात पुन्हा तो अंगठा. दोन्ही मजल्यांच्या वळणावर थांबलो.

१ नोव्हेंबर, शनिवार

पत्ता सापडला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचलो तेव्हा दाराला टेकून उभा राहावे लागले. बाईंनी दार उघडले, आधी मला नाव विचारले नाही, आतून स्टूल आणून ठेवले. मी फोन काढून बघू लागलो. त्या म्हणाल्या, बसा आधी.

खोली लहान, स्वच्छ. दोरीवर एक चादर घडीला घडी जुळवून टाकलेली. त्यांचा डावा हात सुजलेला आहे, तो उशीवर ठेवून बसतात. नवरा काठी टेकत आला, नमस्कार करून, साखर संपली म्हणून खाली गेला. साखरेचा डबा ओट्यावर मला दिसत होता, भरलेला. बाईंनी त्याला बाहेर पाठवले असावे.

कशाला आलो ते सांगितले. माझ्या हातून राहिले, असे म्हणालो. त्यांनी विचारले, "तुम्ही तर समोरच बसला होतात. माझ्याकडेच बघत होतात." मी हो म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, छातीत दुखतं का? मी म्हणालो, जिन्याने. किती दिवस? थोडे दिवस. दाखवलं? मी म्हणालो, जूनमध्ये दाखवणार आहे. "जूनच का?" मी म्हणालो, तेव्हा पॉलिसीचे नवे वर्ष लागते.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, वही काढा, सांगते. खाली मी टिपले ते आहे. या वेळी एकही शब्द सुटलेला नाही.

"मला गाठ लागली तेव्हा नवीन वर्षाला पाच महिने होते. मी थांबले. कुणाला बोलले नाही. नवऱ्याला तर नाहीच. त्याला कळलं असतं तर त्याला वाटलं असतं, माझ्या पायामुळे झालं. पाच महिने कॅलेंडरकडे बघत चादरी धुतल्या. तुमच्या सरकारी हॉस्पिटलच्याच. तुम्ही म्हणता, फुकट दिलं तर लोक उगाच येतील. मी तर त्याच इमारतीत होते, साहेब. दोन मजले वर जायचं होतं. गेले नाही. वर्ष लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस काय करत होतात?"

वाचून दाखवले. त्यांनी सही केली. उजवा हात चांगला आहे.

मी विचारले, यजमानांना आता माहीत आहे का. त्या म्हणाल्या, "सभागृहात सांगितलं, घरात नाही. तुम्ही छापाल तेव्हा वाचू दे."

२ नोव्हेंबर, रविवार

एक जून. पॉलिसीचे नवे वर्ष.

लेकीचा फोन आला, उचलला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस लिहिले नाही. ऑफिसात गेलो, पाळ्या केल्या, काही चुकले नाही.

डायरी जानेवारीत आली. गोल जानेवारीतच केला असेल. म्हणजे माझा स्टेंट घालून महिनासुद्धा झाला नव्हता. मी तेव्हा घरी पडून होतो आणि ही मला दिवसातून चार वेळा गोळ्या देत होती. माझ्या हॉस्पिटलातल्या पाच दिवसांत आमची वर्षाची मर्यादा संपली, हे बिल बघून मीच तिला सांगितले होते. गमतीने म्हणालो होतो, आता मे महिन्यापर्यंत तू आजारी पडायचं नाही हं.

ती हसली होती.

हे मी लिहून ठेवतो आहे. पुसायचे नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कबुलीजबाब लिहिला. चार ओळी. दिनांक, स्थळ, साक्षीदार क्रमांक सात, प्रतिवेदकाने चाळीस सेकंद टिपण घेतले नाही, कारण प्रकृती किंवा उपकरण नाही. मुख्यांनी वाचला. म्हणाले, मग कारण काय लिहायचं? मी म्हणालो, जागा कोरी ठेवा.

त्यांनी शिक्का स्वतः मारला आणि शाई सुकेपर्यंत फुंकर घातली.

१० नोव्हेंबर, सोमवार

अध्यक्षबाईंनी सही दिली. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या, सहीआधी एक स्वल्पविराम सुधारला. तरुण सदस्याने जेवता जेवता सही केली, कागदाला तेलाचा डाग पडला. डॉक्टर सदस्य परदेशी गेले आहेत, थेट मतदानाला येतील आणि छपाई त्याआधीच आहे. म्हणजे तिसरी सही बँकवाल्यांचीच हवी.

टाचणी म्हणाली, "काका, मांजराकडेच दुधाची राखण. ते कशाला सही करतील? त्यांच्याच मुळावर येणारं आहे हे." मी म्हणालो, ते हजर होते. ती म्हणाली, हजर तर तुम्हीपण होतात. मग तिला वाईट वाटले आणि मला चहा आणून दिला. ती खोटे बोलली नव्हती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बँकवाल्यांची खोली चौथ्या मजल्यावर. तीन ठिकाणी थांबलो. आज अंगठा डाव्या हातापर्यंत गेला होता, मग उतरला.

त्यांनी कागद घेतला, चष्मा पुसला, सावकाश वाचला. टेबलावर एक जुने गणकयंत्र आहे, त्यावर बोटे ठेवून बसले होते. दाबले काही नाही. मी उभा होतो. शेवटी मला बसायला सांगितले.

म्हणाले, "यात एक राहिलं. 'गेले नाही' म्हटल्यावर ती हसली होती."

मी म्हणालो, नियमाप्रमाणे फक्त शब्द घेता येतात, साहेब. हशा सगळ्यांचा असेल तरच कंसात येतो.

"सगळ्यांचा नव्हता," ते म्हणाले. मग कलम चौदाविषयी बोलले. त्यांचे मत बदललेले नाही. मर्यादा नसेल तर निधी आटणार, ही बेरीज आजही तीच आहे. एका बाईच्या साक्षीने कायदा करता येत नाही. हे सगळे त्यांनी मला पटवून द्यायला सांगितले की स्वतःला, मला समजले नाही. मी ऐकत होतो. ऐकणे हे माझे काम आहे.

मी आयुष्यात पहिल्यांदा एका सदस्यासमोर कामाबाहेरचे बोललो. म्हणालो, "साहेब, तुम्ही म्हणता माणूस शिंक आली तरी रांगेत उभा राहतो. माझी बायको पाच महिने उभी राहिली नाही."

त्यांनी विचारले, आता कशा आहेत?

मी सांगितले.

ते खिडकीकडे बघत होते. मग पेन उघडले. म्हणाले, जे ऐकलं ते ऐकलं. ऐकलं नाही म्हणायला मी काही बहिरा नाही. सही ठळक करतात, खाली रेघ ओढतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

छापून आले. पान एकशे बारा. तळटीप बारीक अक्षरात आहे: प्रतिवेदकाच्या चुकीमुळे गळलेला मजकूर नियम एकोणीसनुसार समाविष्ट. खाली माझे पद. खोलीत सगळ्यांनी वाचले. टाचणीने माझ्या प्रतीला त्या पानावर एक टाचणी लावून ठेवली.

एक प्रत बाईंना रजिस्टर टपालाने पाठवली. यजमानांच्या नावे.

२३ नोव्हेंबर, रविवार

लेक म्हणाली, आवाज दमल्यासारखा येतोय. मी म्हणालो, काम वाढले आहे. पाच दिवसांवर मतदान आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मतदान झाले. पाळी माझी होती, अध्यक्षबाईंनी मुद्दाम तशी लावली असे वाटते.

मर्यादा राहिली. चार विरुद्ध तीन. बँकवाल्यांनी मर्यादेच्याच बाजूने मत दिले. पण त्याआधी त्यांनी स्वतः एक दुरुस्ती मांडली: पहिली तपासणी आणि तिच्यानंतरच्या चाचण्या मर्यादेत धरू नयेत. कुटुंबाची मर्यादा संपलेली असली तरी कुणालाही तपासून घेता येईल. खर्च किती वाढेल ते त्यांनी आकड्यात सांगितले, दोनदा. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदया, एवढं परवडायला हवं. पान एकशे बारा बघावं."

दुरुस्तीला सातही हात वर झाले. मी लिहिले, दुरुस्ती एकमताने संमत. अक्षर चांगले आले.

कायदा व्हायला अजून वेळ आहे. सभागृहापुढे जाईल, तिथे फाटे फुटतील. मला वाटले होते की आज मला बरे वाटेल. बरे वाटले नाही. पण काम पुरे झाले असे वाटले, ते वेगळे असते.

१ डिसेंबर, सोमवार

टाचणी जिन्यात माझ्या मागून येत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी फोन काढून थांबलो. ती पुढे गेली नाही. शेजारी उभी राहिली.

म्हणाली, "काका, एक सांगू? तुम्ही जिन्यात फोन बघता तेव्हा तो बंद असतो."

मी फोन खिशात ठेवला. तिने विचारले, कधीपासून चाललंय? मी म्हणणार होतो, थोडे दिवस. तोंडापर्यंत आलेले शब्द तिथेच अडकले. ते माझे नव्हते.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. आपलेच लिहिलेले वाचायची मला सवय नाही. त्या अंगठ्याचे लिहिलेले चार ठिकाणी सापडले. पहिले नऊ ऑक्टोबरला. खाली माझ्याच अक्षरात: नवे वर्ष लागले की जाऊ, घाई नाही. बाईंनी मला जूनच का म्हणून विचारले, ते मी शब्दशः टिपले आहे, माझे उत्तरही टिपले आहे, आणि पुढच्या ओळीला गेलो आहे. समोर बसून, बघत असून.

उद्या जातो.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आठला तयार होऊन निघालो.

तेच डॉक्टर होते, जूनमधले. मला ओळखले. ईसीजीची पट्टी काढली, ती बघून उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. विचारले, कधीपासून होतंय?

"नऊ ऑक्टोबर. त्यानंतर तीस ऑक्टोबर, एक नोव्हेंबर, बारा नोव्हेंबर. बारा तारखेला डाव्या हातात आलं. काल पुन्हा."

"एवढं नक्की?"

"नोंद आहे," मी म्हणालो आणि डायरी पुढे केली. त्यांनी घेतली, कव्हरवरचे चौकोनी कुटुंब बघितले, उघडली नाही. म्हणाले, आजच दाखल व्हा. घरून सामान आणायला मी तासाभराची सवलत मागितली. त्यांनी अर्धा तास दिला आणि बरोबर कोण आहे म्हणून विचारले. टाचणी बाहेर बाकावर बसली होती. ऑफिसात तिने काय सांगितले कोण जाणे.

टॅक्सीतून लेकीला फोन केला. मंगळवारी माझा फोन बघून ती घाबरलीच. आधी माझे सांगितले. मग आईचे सांगितले: गोल, एक जून, माझी ती गंमत, सगळे, काही न गाळता. ती गप्प होती. आमच्याकडे शांतता लिहीत नाहीत, त्यामुळे किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "पैशांचं मी बघते. तुम्ही आता जिना चढू नका, कुणाला तरी वर पाठवा." आणि म्हणाली, संध्याकाळच्या गाडीने निघते.

तरी घरचा जिना चढलोच, टाचणीचा हात धरून, प्रत्येक वळणावर बसत. कपाटावरची पिशवी मात्र तिनेच काढून दिली आणि ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

आत हिचा टॉवेल होता, घडी केलेला, कंगवा, दातांचा ब्रश. रिकामी करावी लागेल असे वाटले होते. मी माझा टॉवेल, चष्मा, गोळ्या आणि ब्रश ठेवला. तिचे काही काढले नाही. पिशवी मोठी आहे, दोघांचे मावते.

डायरीही घेतो आहे. खाली टॅक्सी थांबली आहे.